एका रकान्यात कोंबलेली पाकटं

गणेशोत्सव जवळ आला की मत्स्यव्यवसाय विभागाचं पत्र महापालिकेकडे जातं आणि महापालिकेची सूचना वर्तमानपत्रांकडे येते. ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात किनाऱ्यालगत पाकट आणि जेलीफिश वाढतात, विसर्जनाला उघड्या पायांनी पाण्यात उतरू नका, गमबूट घाला, मुलांना पाण्यात नेऊ नका, असं साऱ्या मुंबईला कळवलं जातं. यंदाही कळवलं गेलं. सूचना योग्य आहे, ती वेळेवर निघाली याबद्दल आम्ही विभागाचे आभारच मानतो. आमची तक्रार वेगळी आहे. पाकट भादव्यात किनाऱ्याला येते एवढं सरकारला ठाऊक आहे. मग कोणती पाकट येते, कुठे येते, नर येतात की माद्या, किती गाभण असतात, हे विभागाच्या कागदावर का लिहिलं जात नाही?

या सूचनेची सुरुवात कुठून झाली ते आपल्यापैकी बहुतेकांना आठवत असेल. २०१३ साली दीड दिवसाच्या गणपतींच्या विसर्जनाला गिरगाव चौपाटीवर पन्नासहून अधिक लोकांना पाकटांनी काटा मारला. कमरेएवढ्या पाण्यात माणसं ओरडायला लागली, नक्की काय चावतंय हे कुणालाच कळेना, आणि रुग्णालयांत रांगा लागल्या. तेव्हापासून विसर्जनाआधी विभाग चौपाटीजवळ चाचणी जाळं ओढतो, त्यात काय सापडलं ते महापालिकेला कळवतो, आणि सूचना निघते. गणपती गावाला गेले की पुढच्या वर्षापर्यंत पाकट हा विषय बंद.

आपल्या धंद्यात तो बंद होत नाही. वर्सोवा, मढ, भाटी, मनोरी, गोराई या बंदरांतल्या डोलकरांना पाकटाचं येणं-जाणं पत्रावरून कळत नाही, ते जाळ्यात दिसतं. पाऊस ओसरत आला की खाडीच्या तोंडाशी गोड्या पाण्याचा जोर कमी होतो, गाळ बसायला लागतो, जवळा-करंदी उथळ पाण्यात भरते, चिंबोऱ्या आणि शिंपल्या वर येतात. त्यांच्या मागे पाकट येते. रेतीत किंवा चिखलात अंग पुरून डोळे तेवढे बाहेर ठेवते आणि भरतीबरोबर आत, ओहोटीबरोबर बाहेर अशी सरकते. उथळ पाणी खोल पाण्यापेक्षा ऊबदार असतं, आणि पाकटाच्या जातीतल्या माद्या गाभणपणात ऊब शोधतात. कॅलिफोर्नियात सील बीचच्या किनाऱ्यावर गोल पाकटांचा असा मोठा मेळा जमतो, कारण तिथल्या नदीच्या मुखाशी वीजकेंद्रांचं गरम पाणी येऊन मिळतं. आपल्याकडे मालाडच्या खाडीच्या मुखाशी, मनोरीच्या तोंडाशी, जुहूच्या उथळ पट्ट्यात असे मेळे जमतात का, जमले तर कोणत्या तिथीला, कोणत्या उधाणाला, हे सांगू शकणारी माणसं आपल्या कोळीवाड्यांत आहेत. ती बहुतेक साठीच्या पुढची आहेत आणि त्यांचं सांगणं कुणी लिहून घेतलेलं नाही.

पाकट कोण आहे हे सर्वांत जवळून पाहते ती कापणारी बाई. वर्सोव्याच्या बाजारात सकाळी परातीएवढी पाकट फळीवर उताणी टाकली जाते आणि कोयता पोटात जातो. मोसमात मधूनच एखादीच्या पोटातून पिल्लं निघतात: दोन, तीन, क्वचित चार. पूर्ण वाढलेली, आईसारखीच, फक्त दोन्ही पाखं एकावर एक गुंडाळलेली आणि शेपटी अंगाशी दुमडलेली. शेपटीवरचा काटासुद्धा तयार असतो, पण आईला इजा होऊ नये म्हणून त्यावर मऊ आवरण असतं. बोंबील, मांदेली यांची गोष्ट निराळी. त्यांच्या मादीची अंडी हजारांत मोजतात. पाकटाची मादी महिनोन्‌महिने पोटात पिल्लं वाढवते आणि हाताच्या बोटांवर मोजावी एवढी देते. गाभण माद्यांचा एक घोळका उथळ पाण्यात जाळ्यात आला, तर त्या पट्ट्यातली एक पिढी त्या दिवशी संपते. जगातल्या शार्क आणि पाकटांच्या हजाराहून अधिक जातींपैकी एक तृतीयांशाहून अधिक आज धोक्यात आहेत, आणि त्यात पाकटांची अवस्था शार्कपेक्षा वाईट आहे, असं २०२१ च्या जागतिक आढाव्यात नोंदवलं गेलं. हे आपल्याच धंद्याचं भांडवल आहे, म्हणून ते आपल्या हिशेबात असायला हवं.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. मासळी उतरली की मत्स्यव्यवसाय विभागाची जी आकडेवारी तयार होते, तिच्यात पाकटाच्या साऱ्या जाती एकाच गटाखाली जातात. वीतभर रुंदीची, चिखलात राहणारी छोटी पाकट तिथेच; लांब चाबकासारख्या शेपटीची, ठिपक्यांची मोठी पाकट तिथेच; रुंद पाखांची, तोकड्या शेपटीची फुलपाखरी तिथेच; कपाळाला खाच असलेली, थव्याने फिरणारी गायमुखी तिथेच. भाऊच्या धक्क्याला ट्रॉलरमधून टनावारी उतरणारा माल आणि मनोरीच्या होडीतून आलेली दोन पाकटं, दोन्ही त्याच रकान्यात. रकाना किलो मागतो. जात मागत नाही, मादी-नर मागत नाही, पोटात काय होतं ते मागत नाही.

कायदा मात्र जात मागतो, आणि कडक मागतो. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टातला प्राणी पकडला किंवा विकला, तर किमान ३ वर्षांची कैद आहे. या परिशिष्टात शार्क आणि पाकटं कशी आली तो इतिहास आपल्या जुन्या वाचकांना माहीत आहे. २००१ च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने एका फटक्यात सगळ्याच शार्क-पाकटांवर बंदी घातली. देशभरच्या मच्छीमारांनी विरोध केला, तेव्हा डिसेंबरमध्ये ती मागे घेऊन यादी १० जातींवर आणली. करवत मासे, काटेरी पाकट, जायंट गिटारफिश, व्हेल शार्क वगैरे. पाच महिन्यांत सगळ्यांवर बंदी आणि नंतर दहांवर, याचं मूळ आमच्या मते एकच. बंदी घालणाऱ्यांकडे जातवार उतरणीचा भरवशाचा आकडा नव्हता. त्या दहांतली जायंट गिटारफिश म्हणून जी जात लिहिली गेली, ती मुळात पश्चिम हिंदी महासागरातली आणि आपल्या किनाऱ्यावर येतात त्या तिच्या भावकीतल्या वेगळ्या जाती, असं आता अभ्यासक मानतात. म्हणजे वीस वर्षं आपण एका नावाने दुसऱ्या माशाला संरक्षण देत होतो. पुढे २०२२ ची दुरुस्ती झाली, १ एप्रिल २०२३ पासून ती लागू झाली आणि यादी पुष्कळ वाढली. उतरणीचा रकाना मात्र होता तसाच एक राहिला.

मढच्या एका तांडेलाने आम्हाला जे सांगितलं ते इथे सांगतो. कार्यालयाचं नाव देत नाही. जाळ्यात आलेली एक मोठी पाकट यादीतली आहे की नाही याची त्याला शंका आली. मोबाईलवर फोटो काढून तो संबंधित कार्यालयात गेला. पहिल्या टेबलावर सांगितलं, हा वन विभागाचा विषय. वन विभागाच्या माणसाने सांगितलं, ओळख मत्स्य विभागाने पटवायची. परत आल्यावर साहेब दौऱ्यावर. संध्याकाळपर्यंत बर्फ वितळला, माल पडून राहिला, आणि शेवटी त्याला मिळालेलं उत्तर असं की शंका असेल तर पकडूच नये. समुद्रात पन्नास वाव लांब डोल लावताना आत काय येणार हे ठरवायचा अधिकार कुणाला असतो? प्रामाणिकपणे विचारायला गेलेल्या माणसाचा दिवस गेला, आणि ज्यांनी विचारलं नाही त्यांचा माल विकला गेला. पुढच्या वेळी तो विचारायला जाईल असं आम्हाला वाटत नाही, आणि तो गेला नाही तर त्याला दोष देण्याचा अधिकार त्या कार्यालयाला उरणार नाही.

चांगलं काम झालं आहे तिथे ते आम्ही मान्य करतो. जाळ्यात अडकलेला संरक्षित सागरी प्राणी जाळं कापून सोडला, तर नुकसानीपोटी २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना २०१८ च्या अखेरीस राज्यात सुरू झाली. वन विभागाचा कांदळवन कक्ष आणि मत्स्यव्यवसाय विभाग यांनी मिळून ती चालवली, आणि त्यातून कासवं, व्हेल शार्क, गिटारफिश असे कितीतरी जीव परत समुद्रात गेले. सोडताना काढलेला फोटो किंवा चित्रफीत लागते हेही समजण्यासारखं आहे. पण जो प्राणी यादीत आहे हे खलाशाला माहीतच नाही, त्याचा फोटो तो काढणार कशाला? यादीतल्या पाकटांची रंगीत चित्रं, खालून आणि वरून काढलेली, मराठी नावांसह, मुंबई उपनगरातल्या प्रत्येक बंदरावर एका फळ्यावर लावायला किती खर्च येतो? हा फळा आम्ही मागत आलो आहोत आणि मागत राहू.

आकडे नसले की मासा कसा बदनाम होतो, त्याचं एक उदाहरण अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचं आहे. चेसापीक उपसागरात गायमुखी पाकटांचे प्रचंड थवे मे महिन्यात येतात, पिल्लं घालतात आणि ऑक्टोबरात निघून जातात. २००७ मध्ये एका शोधनिबंधाने म्हटलं की मोठे शार्क कमी झाले म्हणून ही पाकटं वाढली आणि त्यांनी शिंपल्यांचा फडशा पाडला. मग पाकट खा आणि उपसागर वाचवा अशी मोहीम निघाली, पाकटं मारण्याच्या स्पर्धा लागल्या. २०१६ मध्ये दुसऱ्या अभ्यासकांनी त्याच आकड्यांची फेरतपासणी केली आणि आधीचा निष्कर्ष टिकत नाही असं दाखवलं. मादी वर्षाला एकच पिल्लू देते, तिची संख्या तशी वाढूच शकत नाही. २०१७ मध्ये मेरीलँड राज्याने त्या स्पर्धांना बंदी घातली. मधली वर्षं त्या थव्यांना परत मिळाली नाहीत. आपल्याकडे दर भादव्यात पाकट फक्त काटा मारणारी म्हणून बातमीत येते. उद्या कुणी उत्साही माणूस चौपाटीवरची पाकटं साफ करा म्हणाला, तर त्याच्यासमोर ठेवायला आपल्याकडे काय आहे?

नोंदी ठेवायला आणखी एक कारण आहे, ते पोटाचं आहे. सागरी सेतू, किनारी रस्ता, खाडीतला गाळ उपसणं, नवी जेट्टी, कोणताही प्रकल्प आला की आपल्याला विचारलं जातं: इथे मासेमारी होते याचा पुरावा काय? या उथळ पाण्यात मासळी वाढते याचा पुरावा काय? आपण पिढ्यान्‌पिढ्या करतो आहोत असं उत्तर देतो, आणि समोरचा माणूस कागद मागतो. गाभण पाकट अमक्या महिन्यात अमक्या खुंटाजवळ सापडली अशा तीन वर्षांच्या नोंदी असलेली वही टेबलावर ठेवली, तर ती जागा पाळण्याची आहे, भराव टाकण्याची नाही, हे म्हणायला जोर येतो.

आता आपल्या संस्थांबद्दल बोलतो, आणि हे बोलणं काहींना झोंबेल. मच्छीमार सहकारी संस्थांच्या कार्यालयांत डिझेलच्या कोट्याची नोंद अद्ययावत असते, परताव्याच्या प्रत्येक रुपयाची असते. मासळीच्या जातींची नोंद एका तरी संस्थेत आहे का? सरकारच्या रकान्याला आम्ही नावं ठेवली, पण आपल्याकडे तो एक रकानासुद्धा नाही. वार्षिक सभेत हा विषय काढला की तो शास्त्रज्ञांचा उद्योग आहे असं म्हणून पुढच्या विषयावर जातात. शास्त्रज्ञ लांब नाहीत. केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था वर्सोव्यातच आहे, केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेचं मुंबई केंद्रही तिथेच आहे. तिथले अभ्यासक बंदरावर येतात, जाती ओळखतात, पण ते सगळ्या बंदरांवर रोज पहाटे उभे राहू शकत नाहीत. आपण रोज उभे असतो. ज्या संस्थेचे पदाधिकारी अभ्यासकांना ऑफिसच्या दारात तिष्ठत ठेवतात, त्यांनी नंतर आमच्याशी कुणी बोलत नाही अशी तक्रार करू नये.

म्हणून या अंकापासून आम्ही थेट सांगतो. प्रत्येक बंदरावर एक वही ठेवा. साधी दोनशे पानी, पेनाने लिहिलेली चालेल. पाकट उतरली की तारीख आणि तिथी लिहा, उधाण होतं की भांग ते लिहा. जाळं कोणतं आणि किती वाव पाण्यात, ते लिहा. लांबी मोजू नका, कारण शेपटी बहुतेक वेळा आधीच कापलेली असते. एका पाखेच्या टोकापासून दुसऱ्या पाखेच्या टोकापर्यंत रुंदी मोजा. शेपटीच्या मुळाशी दोन दांडके दिसले तर नर, नाही तर मादी. कापणाऱ्या बाईला विचारा, पोटात पिल्लं होती का, किती होती. हे विचारायला विसरू नका, कारण या सगळ्या नोंदीत मोलाची ओळ तीच आहे आणि ती फक्त तिलाच माहीत असते. आपल्या बोलीत त्या पाकटाला जे म्हणतात ते नाव लिहा. एक फोटो वरून, एक खालून, शेजारी पट्टी किंवा माचिसची पेटी ठेवून. शिकलेली मुलं-मुली घराघरात आहेत, एकेका बंदरावर दोघा-तिघांनी वार वाटून घेतले तर कुणाच्या कामाचा खोळंबा होत नाही. मुलुंड-भांडुपपासून ट्रॉम्बेपर्यंत ठाणे खाडीत चिखलात उतरून जाळं लावणाऱ्या आपल्या बांधवांनीही हे करावं. खाडीच्या आत पाकट कुठवर जाते हे त्यांच्याशिवाय कुणी सांगू शकणार नाही.

जिवंत गाभण पाकट उथळ पाण्यात हाताला लागली आणि भाव काही मोठा मिळणार नसेल, तर सोडून द्या. पिल्लांच्या बाबतीत तर विचारच करू नका, वीतभर पिल्लाला बाजारात कोण काय देतं ते आपल्याला ठाऊक आहे.

काट्याबद्दलही स्पष्ट बोलायला हवं. होडीवर काटा कापून तो किनाऱ्याच्या रेतीत फेकण्याची सवय आपल्यातल्या काहींना आहे. सुटा पडलेला काटाही पायात तसाच रुततो, दोन्ही बाजूंनी उलट्या दातऱ्यांचा असतो आणि ओढताना मांस फाडतो. तो डब्यात टाका, जमिनीत खोल पुरा. काटा लागलाच तर जखम धुऊन सोसवेल इतक्या गरम पाण्यात, साधारण ४५ अंश, पाय बुडवून ठेवा. अर्धा तास ते दीड तास. या विषाला उष्णता सोसत नाही, वेदना तिथेच उतरते. मग डॉक्टरकडे जा, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या, आत तुकडा राहिला आहे का ते पाहून घ्या. छातीत, पोटात किंवा मानेत काटा रुतला असेल तर तो ओढू नका, तसाच रुग्णालयात न्या. महापालिकेला आमची विनंती आहे की विसर्जनाच्या प्रत्येक चौपाटीवर वैद्यकीय कक्षात गरम पाण्याचा मोठा बंब ठेवावा. आणि पाण्यात उभं राहणाऱ्या प्रत्येक जीवरक्षकाला आणि कार्यकर्त्याला पाय उचलून न टाकता रेतीवरून घासत चालायला शिकवावं, म्हणजे पुढ्यातली पाकट आधीच निघून जाते. वर्सोवा, जुहू, आक्सा, मार्वे आणि गोराईच्या कोळीवाड्यांतली मुलं हे शिकवायला आनंदाने येतील, त्यांना बोलवा.

वह्यांची पानं दिवाळीपर्यंत आमच्याकडे पाठवा. फोटो काढून पाठवला तरी चालेल, अक्षर कसंही असलं तरी चालेल. बंदराचं नाव असू द्या, माणसाचं नाव नको असेल तर आम्ही छापणार नाही. आलेल्या सगळ्या नोंदी एकत्र करून दिवाळीनंतरच्या अंकात महिनावार आणि बंदरवार तक्ता देऊ. त्याची एक प्रत मत्स्यव्यवसाय आयुक्तांच्या कार्यालयाला आणि एक कांदळवन कक्षाला स्वतः नेऊन देऊ. उतरणीच्या नमुन्यात पाकटासाठी किमान चार रकाने आणि गाभण मादीसाठी एक रकाना वाढवावा, ही मागणी त्या तक्त्यासोबत लेखी असेल. तिच्यावर सही करणाऱ्या संस्थांची नावं त्याच अंकात छापू, आणि सही न करणाऱ्यांचीही.